मोकळं शेपूट

दहावीला मी गणितात नापास झाले, तेव्हा आमच्या घरात ज्या एकाच माणसाला मनापासून आनंद झाला ते माझे बाबा. तोंडदेखले ते दोन दिवस गप्प बसले. तिसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यापुढे वेत सोलायची सुरी ठेवली आणि म्हणाले, "गणित गेलं तर गेलं, कुंदे. वेताला बेरीज लागत नाय गो. वेताला बोटं लागतात नि दात लागतात." दात कशाला लागतात ते पुढे येईलच. खरं तर हे सगळं प्रकरण बाबांच्या दातांतच येऊन अडकणार आहे. तेव्हा मात्र मला एवढंच कळलं की शाळा सुटली, आणि मी इतकी हरखले की आईच्या रडण्याकडे माझं लक्षच गेलं नाही. माझ्यासारख्या मुलीसाठी कुणी रडावं असं काही माझ्यात होतं, हेच मला ठाऊक नव्हतं.

आमचं घर किन्हवलीत, बाजाराच्या वाटेवर. घर म्हणजे मागे दोन खोल्या आणि पुढे घरापेक्षा मोठी ओटी. या ओटीवरच बाबांचं दुकान, कारखाना, बैठक आणि दुपारची झोप असं सगळं चालायचं. वेत मुंबईहून यायचा. रेल्वेनं आटगावला, तिथून टेम्पोनं घरी. दोन माणसांच्या उंचीच्या त्या मोळ्या ओटीवर आडव्या टाकल्या की आम्हाला घरात जायला त्यांच्यावरून उडी मारावी लागे. पाहुणेसुद्धा उडी मारूनच येत. एकदा आईला बघायला आलेली तिची मावशी तिथंच आपटली आणि पुढची कितीतरी वर्षं आमच्याकडे मागच्या दारानंच आली.

सकाळी पहिला आवाज व्हायचा तो पंप मारायच्या दिव्याचा. त्याची निळी ज्योत सापासारखी फूत्कारायची. त्यावर जाड वेत फिरवत बाबा गुडघ्याला लावून त्याला बाक द्यायचे. मग सुरीची खरखर. वेत उभा चिरायचा, त्याची वरची चकचकीत साल पट्टीसारखी वेगळी काढायची आणि ती पितळी घंगाळात भिजत घालायची. घंगाळ पितळीच का, तर लोखंडाच्या घमेल्यात साल काळी पडते. हे मला बाबांनी सांगितलं होतं, पण मी लोखंडाच्या घमेल्यात एक अख्खी जुडी भिजत घालून, ती शाईसारखी काळी करून मगच शिकले. भिजलेल्या वेताला ओल्या पेंढ्यासारखा एक गोडसर वास येतो. तो वास आमच्या कपड्यांना, केसांना, तांदळाच्या भाकरीलासुद्धा असायचा. वालाच्या बिरड्यात वेताचं कुसळ सापडलं की बाबा म्हणायचे, "निवडू नको, खा. घरचंच हाय." आजही लग्नाच्या पंगतीत घास गिळताना मी आधी जिभेनं कुसळ चाचपते. आमचे हे म्हणतात, तू जेवतेस की झडती घेतेस.

मी कामाला लागले तेव्हा काम कमी होत चाललं होतं, पण ते माझ्या ध्यानात यायला फार वेळ लागला. पूर्वी म्हणे कचेरीच्या, शाळेच्या, डॉक्टरांच्या खुर्च्या बैठक विणून घ्यायला रांगेनं यायच्या. सहा फेऱ्यांची ती जाळी विणायला बाबांना दीड दिवस लागायचा. मला चार लागायचे, आणि एवढं करून माझ्या जाळीचे डोळे तिरळे दिसायचे. मग लग्नामांडवात एकावर एक रचून ठेवायच्या प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या, आणि बघता बघता कचेरीतही त्याच गेल्या. बाबा प्लास्टिकला प्लास्टिक म्हणत नसत. 'ते मेलेलं' म्हणत. "जे पानी पीत नाय ते जिवंत नाय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. नाक्यावरच्या सलूनवाल्यानं एकदा आपली खुर्ची आणि सोबत वेताच्याच रंगाच्या प्लास्टिक पट्टीचं भेंडोळं आणून टाकलं. म्हणाला, "दामूदादा, हे घालून विना. कुजत नाय." बाबांनी खुर्ची परत पाठवली. भेंडोळं न्यायला तो आलाच नाही. ते आमच्या माळ्यावर पडून राहिलं, आणि बाबा माळ्याकडे बघायचे तेव्हा वर कुणी मरून पडल्यासारखं बघायचे.

आता हिराआत्याविषयी. बाबांची ही एकुलती एक धाकटी बहीण, दिलेली टोकावड्याला. तिची दोन बाळं गेली होती. दोन्ही वेळा ती बाळंतपणाला आमच्याकडे आलेली, आणि दोन्ही वेळा रिकाम्या कुशीनं परत गेलेली. मी तेव्हा लहान होते, पण एक गोष्ट लख्ख आठवते. तिच्यासाठी विणलेला पाळणा बाबांनी ओटीवर बसून उसवला. वेत उसवताना कुर्र-कुर्र असा आवाज होतो. बाबा काठापासून सुरुवात करून तळापर्यंत एकेक साल सोडवत गेले, आणि आत्या आत भिंतीकडे तोंड करून तो आवाज ऐकत राहिली. दुसऱ्या वेळी आईनं तिच्या खोलीचं दार लावून घेतलं होतं. दारानं काही थांबलं नाही.

पाळण्याची आमच्याकडे एक रीत होती. पाळणा पुरा विणायचा, पण काठावर गुंडाळलेल्या सालीचं शेवटचं टोक वीतभर मोकळं सोडायचं. त्याला शेपूट म्हणायचं. मूल जन्मलं, बारसं झालं, कानात नाव सांगून झालं, की भरल्या घरात कारागिरानं ते टोक ओवून शेवटची गाठ मारायची. गाठ आधी मारली तर... याच्यापुढे कुणी काही बोलायचं नाही. बाबा त्या ठिकाणी थांबायचे आणि आई तोंडाला पदर लावायची. माझ्यापुरतं ते वाक्य मी पूर्ण करून ठेवलं होतं.

तिसऱ्या खेपेला आत्याच्या सासूचा निरोप आला. बाई तोंडानं फटकळ. निरोप आणणाऱ्यानं तो जसाच्या तसा, हातवाऱ्यांसकट सांगितला. "दोनदा तुमच्याकडं पाठवली, दोनदा रिकामी आली. आता बाळंतपन आमी आमच्या घरी करू. तुमी फकस्त पाळना पाठवा. नि तो उसवलेल्या वेताचा नको, सांगून ठेवते." बाबांनी निरोप्याला चहा पाजला, पानसुपारी दिली, आणि तो गेल्यावर तिथंच बसून राहिले. मग म्हणाले, "म्हातारी खोटं काय बोलली?" आई म्हणाली, "असं कसं बोलता?" पण त्या आठवड्यात ते स्वतः मुंबईला जाऊन नवा वेत घेऊन आले. आसामकडचा, पिवळा धमक, एकसारख्या जाडीचा. आता असा माल येत नाही म्हणाले, दुकानदारानं मागच्या कोपऱ्यातून काढून दिला. एवढीच मोळी. पाळण्याला पुरेल इतकी, वर एक काडी नाही.

सांगाडा बाबांनी केला, पोटही त्यांनीच विणलं. काठ गुंडाळायचं काम मात्र त्यांनी माझ्यावर सोपवलं. आत्या माझी, आणि मी घरातली लेक, म्हणून. मला इतकं भरून आलं की मी तीनदा हात धुतले. त्यांनी साल मोजून दिली आणि सांगितलं, "टोकापाशी आलीस की हाक मार. शेपूट मी बघीन." आणि दुसऱ्या दिवशी ते खिळे आणायला मुरबाडला गेले.

त्यानंतर काय झालं ते मी गेली कितीतरी वर्षं स्वतःला समजावून सांगते आहे, आणि अजून पटत नाही. मी दीड दिवस काठ गुंडाळत होते. शेजारचा रेडिओ चालू होता. आई आत कुळीथ भाजत होती, त्याचा खमंग वास येत होता. गुंडाळायचं, अंगठ्यानं दाबायचं, ओढायचं, पुन्हा गुंडाळायचं. माझं चित्त रेडिओत होतं, आणि हात आपले आपण चालत होते. खुर्चीचा काठ संपला की टोक खालून ओवायचं, गाठ मारायची, ओढायची आणि उरलेलं सुरीनं उडवायचं, हे माझ्या हातांनी वर्षभरात कितीतरी वेळा केलेलं. त्यांना काय ठाऊक, हा पाळणा आहे म्हणून? 'टच्' असा आवाज झाला. तो कानावर पडल्यावर मी खाली बघितलं. माझ्या मांडीवर सालीचा वीतभर तुकडा पडला होता, आणि पाळण्याच्या काठावर माझ्या आयुष्यातली सगळ्यात सुबक गाठ बसली होती.

मी ओरडलेसुद्धा नाही. आईनं आतून विचारलं, "झालं का गो?" मी म्हटलं, "हं." आत्याच्या पोटात सात महिन्यांचं बाळ होतं आणि मी त्याची गाठ मारून बसले होते, वर शेपूट छाटूनही टाकलं होतं.

मी गाठ सोडवायला गेले. साल वाळत आली होती. पाणी लावायला हवं होतं, तेवढाही धीर धरवला नाही, तशीच ओढली आणि ती कडाकडा तडकली. आता ना गाठ, ना शेपूट. दुसरी साल घ्यावी तर बाबांनी मोजून दिलेली, आणि घरातली नेहमीची या पिवळ्यापुढे मळकट दिसणारी. बाबांना सांगावं, तर ते काय करतील हे मला माहीत होतं. ओरडणार नाहीत, मारणार नाहीत. तिथंच बसून राहतील, त्या निरोपानंतर बसले होते तसे. ते मला बघवलं नसतं. मी माळ्याकडे बघितलं.

हो. तेच केलं. सलूनवाल्याच्या भेंडोळ्यातली हातभर पट्टी कापली, काठाची शेवटची चार वळणं उलगडून तिचं टोक आत दडपलं, वरून पुन्हा वळणं घेतली आणि वीतभर शेपूट बाहेर मोकळं सोडलं. फार चकाकत होतं म्हणून त्याला चहाची पूड चोळली, मग राख चोळली. गणितात पस्तीस गुण मिळवायला जी बुद्धी मला लागत होती, ती अशी कुठल्या कुठं येऊन हजर झाली. बाबा संध्याकाळी आले तोवर मी पाळणा आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून ठेवला होता. आमच्याकडे तयार पाळणा तसाच झाकून आढ्याला टांगायचा, कुणाची नजर लागू नये म्हणून. बाबा म्हणाले, "हाक मारली नाय?" मी म्हटलं, "सोडलंय शेपूट मोकळं." त्यांनी वर बघितलं, मान डोलावली. माझ्यावर विश्वास ठेवायची त्यांची ही पहिलीच वेळ.

मला जेवण जाईना. आढ्याखालून जायचं मी टाळू लागले. आईला भलताच संशय. एकदा भाकरी थापता थापता हळूच म्हणाली, "कुनाची चिठ्ठीबिठ्ठी आली का गो कुंदे?" मी मान हलवली. ती म्हणाली, "मंग कुनाला पाठवलीस?"

आणि मग ती दुपार. गावात फोन होता तो वाण्याच्या दुकानात. वाण्याचा माणूस धावत आला. धापा टाकत त्यानं ओटीच्या पायरीवरूनच सांगितलं, "टोकावड्याचा फोन व्हता. हिराताईला दिवस भरायच्या आधीच मुरबाडला नेली, तिथनं कल्यानला. पोरगी झाली. पेटीत ठेवलीय." एवढं बोलून तो गिऱ्हाइकं खोळंबली म्हणून उलट्या पावली पळाला.

पेटीत ठेवलीय. आईनं हंबरडा फोडला. आमच्या माहितीत पेटी एकच. अशा कोवळ्या जिवासाठी सुतार खोक्याच्या फळ्यांची करून देतो ती. बाबा उठले, स्टूल ओढलं, खुंटीवरची सुरी घेतली आणि पाळणा उतरवायला वर चढले. तिसऱ्यांदा. त्यांच्या हालचालींत इतका सराव होता की त्याचीच मला भीती वाटली. त्यांनी लुगड्याची गाठ सोडली. लुगडं घरंगळत माझ्या डोक्यावर आलं. त्यांचा हात काठाकडे, शेपटाकडे जाताना मला लुगड्याच्या विरलेल्या सुतातून दिसला, आणि मी त्यांच्या पायांना मिठी मारून ओरडले, "मी मारली तिला! बाबा, मी मारली!" स्टूल डगमगलं. बाबा, मी, आई, पाळणा आणि उघडी सुरी असे सगळे एकमेकांना धरून हलत होतो, आणि त्यात वाण्याचा माणूस परत आला.

"दामूदादा, राहिलंच सांगायचं. पोरगी बारकी हाय, पर खुशाल हाय. काचेची पेटी असते ती. आत दिवा असतो, ऊब देतात. पिल्लं उबवतात ना, तशी. महिनाभर ठेवनार." मग आमच्याकडे नीट बघून त्यानं विचारलं, "तुमी वर काय करताय?"

आई मटकन खाली बसली आणि हसायला लागली. ते हसू रडण्यापेक्षा वाईट होतं. बाबा स्टुलावरच उभे राहिले. मग त्यांनी पाळण्याला पुन्हा लुगडं गुंडाळलं, सुरी खुंटीला लावली आणि खाली उतरून दोन तांबे पाणी प्यायले. मी काय ओरडले ते कुणी विचारलं नाही. धक्क्यानं पोर बरळली, असं आईनं शेजारी सांगितलं. मला मात्र महिनाभर रोज ती काचेची पेटी दिसायची. आत दिवा, दिव्याखाली अंगठ्याएवढं बाळ, आणि त्याच्या गळ्याशी प्लास्टिकची पट्टी. मी देवाला सांगितलं, ही जगली तर मी गणित पास होईन. देवानं त्याचं केलं. माझं राहिलंच.

सव्वा महिन्यानंतर बारसं ठरलं. पाळणा एसटीच्या टपावर बांधला, मुरबाडला गाडी बदलली आणि माळशेजच्या गाडीनं आम्ही टोकावड्याला उतरलो. घर भरलेलं. घुगऱ्यांचा वास, तुपाचा वास, बायकांची दाटी. आत्या पाटावर बसलेली. तिच्या मांडीवर जे होतं ते जवळजवळ टोपड्यातच मावलेलं. मी जवळ गेले. मुलीनं जांभई दिली. अंगठ्याएवढी नव्हती, चांगली पोळपाटाएवढी होती. मला तिथंच बसावं लागलं.

नाव सायली ठेवलं. कानात सांगून झालं, पाठीवर धपाटे घालून झाले. मग म्हातारी सासू म्हणाली, "चला पावनं, मारा गाठ. आता आमची पोर तुमच्या पाळन्यात." बाबा पुढे झाले. धोतर सावरून पाळण्याच्या उशाशी बसले, शेपूट हातात घेतलं आणि नेहमीसारखं तोंडात घातलं.

हे मी विसरले होते. रोज डोळ्यांसमोर चालणारी गोष्ट, आणि मी विसरले होते. गाठ मारण्याआधी साल मऊ व्हावी लागते. प्रत्येक वेळी पाण्याशी कोण जाणार? बाबा टोक तोंडात धरायचे, दाढेखाली हळूहळू फिरवायचे, आणि साल थुंकी पिऊन मऊ झाली की ओवायचे. दात लागतात ते यासाठी. बायका पाळणा म्हणत होत्या आणि बाबा ती पट्टी दाढेखाली फिरवत होते. आधी त्यांनी एकदा फिरवली. मग थांबले. मग पुन्हा फिरवली. त्यांची नजर जमिनीवरून हळूहळू उचलत गेली, घरभर फिरली आणि माझ्यावर येऊन थांबली. राग असता तर बरं झालं असतं. तोंडात प्रसाद म्हणून घातलेला खडा निघावा, तसा तो चेहरा होता.

गाणं संपलं. बाबांनी टोक ओवलं, गाठ मारली. ती सुटली. प्लास्टिकच ते, अंग ताठ करून उसळून वर आलं. कुणीतरी खुदकन हसलं. त्यांनी पुन्हा मारली, पुन्हा सुटली. आत्याचा चेहरा पांढरा पडला. तिसऱ्यांदा गाठ मारून ती अंगठ्याखाली तशीच दाबून धरत बाबांनी दुसऱ्या हातानं ओवाळणीच्या ताटातली पेटती उदबत्ती उचलली आणि टोकाला लावली. चर्र झालं. गाठ बसली. म्हातारीनं नाक वर केलं. "कसला वास हो?"

"वेताचा," बाबा म्हणाले. मी त्यांच्या तोंडून ऐकलेलं हे पहिलं खोटं.

मग बायका पुढे झाल्या. पाळण्यावरून हात फिरवू लागल्या. एक म्हणाली, "काय काम हाय!" दुसरीनं नेमकं तिथंच बोट ठेवलं. "सगल्यात ही गाठ बघा गो, कशी चमकते!" म्हातारीनंही डोळे जवळ नेऊन बघितलं आणि म्हणाली, "बाकीच्या वेतापरीस हा वेत चांगला दिसतोय. सगला असाच का नाय घातला, पावनं?" बाबांनी हात जोडले. कशाला ते मला आजतागायत कळलेलं नाही.

परतताना मुरबाडच्या स्टँडवर बाकावर बसल्यावर बाबा म्हणाले, "त्या दिवशी स्टुलाखाली काय वरडत व्हतीस? मी मारली म्हनून?" मी सगळं सांगितलं. रेडिओ, 'टच्', चहाची पूड, सगळं. सांगताना मला हुंदके आवरेनात. आजूबाजूचे लोक बघायला लागले. बाबा ऐकत होते, आणि ऐकता ऐकता त्यांचा जबडा खाली आला.

"म्हंजे तू सव्वा महिना... अगो येडे, ती गाठबिठ काय नसते!"

"म्हणजे?"

"तुज्या आज्यानी काढलेली युक्ती ती. पाळना घेऊन गेले की लोकं बारशाला बोलवायची नायत. मग म्हातारा म्हनाला, गाठ बारशाला मारायची असते, कारागिरानीच मारायची असते. मंग बोलवावं लागतं. बोलवलं की जेवन आलं. भुकेचे दिवस व्हते गो. तवापास्न चाललंय."

त्या महिन्याभरात मी जे भोगलं होतं ते सगळं कुणाच्या तरी जेवणासाठी. मला हसावं, रडावं की त्यांना चावावं, कळेना. "आईला ठाऊक आहे?" मी विचारलं. "तिला सांगू नको," ते घाईनं म्हणाले. "ती मानते." मग जरा थांबून, जवळजवळ स्वतःशीच, "मीबी मानतोच म्हना. हिराच्या दोन येळेनंतर..."

किन्हवलीची गाडी लागली. चढता चढता त्यांनी माझ्या दंडाला धरून थांबवलं. "कुंदे, एवढ्या बायका व्हत्या. सगल्यांनी हात लावला. एकीला तरी कळलं का गो?"

मी खोटं बोलू शकले असते. एव्हाना मला सवय झाली होती. पण म्हटलं, "नाय."

ते खिडकीशी बसले, आणि घरापर्यंत एका हाताची बोटं दुसऱ्या हातानं चाचपत राहिले.

चार दिवसांनी ते मुरबाडहून आले तेव्हा त्यांच्या खांद्यावर वेताच्या रंगाच्या प्लास्टिक पट्टीचं भलंमोठं भेंडोळं होतं. ते ओटीवर टाकलं त्याचा आवाजसुद्धा झाला नाही. आई दारात उभी राहिली ती तशीच. मी हातातली सुरी सोडली. टोकावड्याला, स्टुलाखाली, कुठंच बसला नव्हता असा धक्का मला त्या भेंडोळ्यानं दिला, कारण ते माझ्या हातानं त्या घरात आलं होतं. बाबा म्हणाले, "उदबत्ती कशी लावायची ती मला येते. पट्टी आत कशी दडपतात ते तू दाखव." मी दाखवलं. आयुष्यात बाबांना मी शिकवलेली ती एकच गोष्ट. त्यानंतर त्यांनी पुष्कळ वर्षं खुर्च्या विणल्या, पण गाठ मारताना तोंडात काही घातलं नाही. दात शेवटपर्यंत शाबूत होते त्यांचे.

हे सगळं आता लिहायला बसण्याचं कारण असं की गेल्या महिन्यात तो पाळणा टेम्पोतून माझ्या दारात उतरला. सायलीला फार उशिरा, डॉक्टरांनी आशा सोडल्यावर दिवस गेलेत. तिचा फोन आला, "कुंदाताई, मला त्याच पाळण्यात घालायचंय. दुरुस्त होईल ना गो?" मी लुगडं सोडलं. आतला वेत भुंग्यानं पोखरला होता. हात लावला की पिठासारखी पिवळी पूड झडायची. काठ ठिकठिकाणी तुटलेला. आसामचा, पिवळा धमक, बाबांनी मुंबईहून स्वतः आणलेला तो वेत गेला होता. शाबूत होती ती एकच गोष्ट: उशाशी माझ्या प्लास्टिकच्या पट्टीची गाठ. कालच मारल्यासारखी, चकचकीत. बाबांनी विणलेलं काही टिकलं नाही आणि माझी चूक तेवढी टिकली, हे पचवायला मला दोन कप चहा लागला.

वेत मिळता मिळेना. शेवटी ह्यांच्या भाचीनं मोबाइलवरून मागवून दिला. आला तो खोक्यात, गुंडाळी करून, इलेक्ट्रिकच्या वायरीसारखा. मी पितळी घंगाळ माळ्यावरून काढलं. डोळे आता तिरळी जाळीसुद्धा नीट बघू देत नाहीत, पण हात चालले. पंधरा दिवसांत पाळणा उभा राहिला. प्लास्टिकची गाठ कापून मी डबीत ठेवली आहे. काठ नव्या सालीनं गुंडाळला आणि वीतभर शेपूट मोकळं सोडलं.

आमचे हे रोज आटगावहून लोकलनं कामावर जातात. वक्तशीर, टापटिपीचे. पास पाकिटात ठेवायची जागासुद्धा ठरलेली. रविवारी ते पाळण्याभोवती एक फेरी मारून म्हणाले, "छान झालाय. हे एक टोक राहिलंय बघ, लोंबतंय." आणि कात्री घेऊन वाकले.

मी काय ओरडले ते मला आठवत नाही. शेजारचे दोघे दारात येऊन उभे राहिले एवढं खरं. ह्यांच्या हातातली कात्री खाली पडली होती आणि ते भिंतीला टेकून माझ्याकडे बघत होते.

"अगं, तूच ना सांगतेस सगळ्यांना," ते म्हणाले, "आज्यानं जेवणासाठी काढलेली युक्ती ती म्हणून?"

"हो," मी म्हटलं. खाली पडलेली कात्री उचलून मी पदराखाली घेतली. "मग? मला जेवायला जायचं नाहीये का?"